उशीचा गॅस

नॉर्थविचच्या बाहेर, बटाट्याच्या शेताला लागून
एक कुंपण, चार पाइप, एक घड्याळ.
फोन आणि लायटर गेटवर ठेवा, अशी पाटी.
वरून एवढंच दिसतं.

खाली सहाशे मीटरवर पोकळी.
गावातलं चर्च मनोऱ्यासकट आत सोडलं
तर मनोऱ्यावर आणखी एक चर्च राहील.
ती कुणी खणली नाही.
दोन वर्षं पाणी सोडलं, खारवणी वर घेतलं;
मीठ पाण्याचा हात धरून निघून गेलं
आणि जागा मागे राहिली.

उन्हाळ्यात भाव पडला की गॅस भरायचा.
जानेवारीत, पहाटे साडेसहाला,
मँचेस्टरचे सगळे बॉयलर एकदम खाकरतात
तेव्हा काढायचा.
कंपनीच्या कागदात याला धोरणात्मक साठवण म्हणतात.
आमच्याकडे बेगमी म्हणत.

मी इथली सल्लागार, तासाच्या हिशेबाने.
तिसऱ्या पानावर, बारीक टायपात :
तपासणी, मृ. वि. खांबेटे.

मंगळवारी विहिरीत सोनार सोडला.
आपल्या पेठेतला नव्हे,
पण हाही कानानेच पारखतो :
आवाज टाकायचा, परत येईपर्यंत थांबायचं,
एक अंश फिरायचं, पुन्हा टाकायचा.
ईशान्येला, छतापाशी, आवाज उशिरा आला.
चार मीटर उशिरा.
आणि तळ, गेल्या खेपेपेक्षा, थोडा वर.
म्हणजे केव्हातरी, कुणालाही न कळवता,
एक लादी सुटून खाली गेली होती.

डंकन क्लायंटकडचा. माणूस चांगला.
त्याने आधी माझ्या मुलीची परीक्षा विचारली,
मग बिस्किटांची बशी पुढे केली,
मग, खिडकीकडे बघत,
'अठ्ठ्याण्णव बार धरता येतील ना?
म्हणजे, एवढ्या हिवाळ्यापुरते?'

रे हॉलिन्सहेड एकतीस वर्षं व्हॉल्व्हवर आहे.
त्याचा आजा उघड्या कढयांत मीठ आटवायचा;
तेव्हा या गावात दुकानं खचत,
आणि लोक जॅक लावून दुकानं उचलत,
आत गिऱ्हाईक असलं तरी.
रे म्हणतो, मीठ दगडासारखं वागतं,
कुणी बघत असेल तोवर.

खरं आहे. दाब उतरला की
ते चहूकडून आत सरकतं,
वर्षाला बोट, दोन बोटं,
आपलं माणूस परत घ्यायला आल्यासारखं.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं ऐकत वाढले मी.
इथे मीठच जागं असतं.

म्हणून सगळा गॅस कधी काढायचा नसतो.
तिसरा हिस्सा खाली राहतो, कायमचा.
तो विकत नाहीत. त्यावर कुणाचा चहा उकळत नाही.
ताळेबंदात मालमत्ता म्हणून दर वर्षी उतरतो
आणि कुणी त्याला पाहिलेलं नसतं.
या धंद्यात त्याला उशी म्हणतात.
मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते.
आता हसत नाही. भिंतींना पाठ लावून
कुणीतरी बसून राहतं,
म्हणून बाकीच्यांना वर जाता येतं;
असे लोक माझ्या माहितीत आहेत.

रात्री लॉजच्या टेबलावर रिपोर्ट.
'छत धोक्यात आहे' खोडलं.
'उपलब्ध माहितीच्या आधारे
सावधगिरीची शिफारस करण्यात येते' लिहिलं.
तेही खोडलं.
मग नुसता आकडा : ब्याण्णव.
ब्याण्णवला विशेषण लावता येत नाही.

पहाटे काचेवर बर्फाची साय.
रेडिएटर टकटकला, गरम व्हायला लागला;
मी तळवा ठेवला, आणि पाच मिनिटं
काढलाच नाही.

डंकनने उत्तरात लिहिलंय
की ते दुसरं मत घेणार आहेत.
घ्यावं.
गेटवर रेने माझा फोन परत दिला,
आकडा विचारला. मी सांगितला.
तो म्हणाला, 'मी नव्वद म्हटलं असतं,'
आणि वहीत माझी बाहेर जायची वेळ लिहिली.